गळकी बाल्कनी दुरुस्त कोणी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांकडून आणि सचिवांकडून बाल्कनीच्या गळतीविषयी विचारणा सुरू होते, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर महाराष्ट्रातील नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेला, म्हणजे नेहमीच्या भाषेत सोसायटीला, लागू आहे असे समजावे. अपार्टमेंटसाठी प्रश्न १३ आणि भाड्याच्या घरासाठी प्रश्न १५ पाहावा.

१. बाल्कनी माझ्या फ्लॅटचा भाग आहे आणि तिचे पैसे मी मोजले आहेत. मग तिची दुरुस्तीही माझ्याच खर्चाने का?

सगळी नाही. बाल्कनी वापरण्याचा हक्क तुमचा एकट्याचा असला, तरी ज्या स्लॅबवर ती उभी आहे तो इमारतीच्या सांगाड्याचा भाग आहे, आणि तोच स्लॅब खालच्या सदनिकेच्या बाल्कनीचे छत आहे. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये) संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी दिलेली आहे. तीत सर्व सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती, इमारतीच्या बाह्य भिंती, गच्ची व तिचा कठडा, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि बाहेरील सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांमुळे होणारी गळती यांचा स्पष्ट समावेश आहे. या यादीत जे बसत नाही ते सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायचे असते.

उपविधींच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये या तरतुदीचा क्रमांक बदलत गेला आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्रमांकावर विसंबू नये. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या व नोंदवलेल्या उपविधींची प्रत काढून तीत मालमत्तेच्या दुरुस्ती व देखभालीविषयीची तरतूद वाचावी.

२. मग सोप्या शब्दांत वाटणी कशी होते?

स्लॅब, तुळई, बाहेरचे प्लास्टर, कठड्याची बाहेरची बाजू आणि पावसाळी पाइप यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. वरची फरशी, आतला रंग, सभासदाने बसवलेली ग्रिल, सरकत्या खिडक्या, नळ, सिंक आणि त्यांचे सांधे यांचा खर्च सभासदाने करायचा असतो. वाद उरतो तो या दोहोंच्या मधल्या थराचा, म्हणजे फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचा. त्यासाठी पुढचे दोन प्रश्न एकत्र वाचावेत.

३. आमच्या बाल्कनीच्या छताला ओल आली आहे. वर राहणाऱ्यांनीच खर्च द्यायला हवा ना?

डाग कोणाच्या छतावर उमटला आहे यावरून जबाबदारी ठरत नाही. ते पाणी कशामुळे आले यावरून ठरते. उघड्या बाल्कनीत पाऊस पडतो, जुने वॉटरप्रूफिंग कालमानाने निकामी होते आणि पाणी खाली झिरपते. अशा वेळी वरच्या सभासदाने कोणताही फेरबदल केलेला नसेल, तर ती पावसाच्या पाण्याची गळती आहे आणि तिची दुरुस्ती संस्थेकडे येते. याउलट वरच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पाइप निसटला असेल, नळाचा सांधा गळत असेल किंवा फरशी बदलताना मूळ थर फोडला गेला असेल, तर खर्च त्या सभासदाने करायचा. शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर आहे.

फरशी सभासदाची म्हणून तिच्याखालचे सगळे सभासदाचे, असे सांगून अनेक समित्या हात वर करतात. आमच्या मते ही भूमिका उपविधींच्या शब्दांत बसत नाही. काही संस्था अर्धा खर्च सभासदाकडून आणि अर्धा संस्थेकडून असा तोडगा काढतात. तो सर्वसाधारण सभेने ठराव करून, सर्वांना सारखाच लागू होईल अशा रीतीने स्वीकारला असेल, तर भांडणापेक्षा नक्कीच बरा. एका सभासदाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे मात्र चालत नाही.

४. पाणी नेमके कुठून येते हे कसे शोधायचे? प्लंबर एक सांगतो आणि वॉटरप्रूफिंगवाला दुसरेच.

दोघेही आपापले काम मिळावे म्हणून बोलत असतात, त्यामुळे आधी स्वतः नोंदी ठेवाव्यात. डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर पाऊस हे कारण बहुधा खरे. मार्च-एप्रिलमध्येही तो ओला राहत असेल, तर नळाची किंवा सांडपाण्याची लाइन तपासावी. वर फरशी धुतली गेली की दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल, तर पाणी फरशीवरूनच जात आहे हे कळते.

त्यानंतर पाणी साचवून चाचणी घ्यावी. कोरड्या दिवसांत वरच्या बाल्कनीचे पाणी जाण्याचे तोंड कापडाने व प्लास्टिकने घट्ट बंद करतात, दाराच्या उंबऱ्याच्या खालीच राहील इतके, साधारण ५ सेंटीमीटर पाणी भरतात आणि २४ ते ४८ तास खालून पाहणी करतात. खाली ओल उतरली तर फरशीखालचा थर गेला आहे. उतरली नाही तर तोंड उघडून त्या पाइपच्या सांध्यात पाणी सोडावे, मग कठड्याच्या बाहेरच्या भिंतीवर, मग रेलिंगचे खांब जेथे स्लॅबमध्ये रोवले आहेत तेथे, असे एकेक ठिकाण स्वतंत्रपणे भिजवावे. रेलिंगच्या खांबाचे बूड ही फार फसवी जागा असते. वरून टोपी बसवलेली आणि रंग दिलेला असतो, पण टोपी उचलून पाहिली तर गंजलेल्या लोखंडाभोवती बोटभर पोकळी असते आणि पावसाचे पाणी तिच्यातून थेट स्लॅबमध्ये जात असते. दोन ठिकाणांविषयी संशय असेल तर दोन रंगांचे पाणी वापरावे.

बाल्कनीच्या स्लॅबला तडे दिसत असतील किंवा लोखंड उघडे पडले असेल, तर पाणी साचवू नये. ५ सेंटीमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ५० किलो होते. अशा ठिकाणी आधी संरचना अभियंत्याला बोलवावे (प्रश्न ५ पाहावा).

पाहणीच्या वेळी वरचा सभासद, खालचा सभासद, समितीचा प्रतिनिधी आणि संस्थेने नेमलेला वास्तुविशारद किंवा अभियंता असे सर्व जण हजर असावेत, आणि तारीख, वेळ व छायाचित्रांसह केलेल्या अहवालावर सर्वांच्या सह्या असाव्यात. पुढे प्रकरण कुठेही गेले तरी हाच कागद उपयोगी पडतो.

५. बाल्कनीच्या खालच्या बाजूचे प्लास्टर पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. वरून सिमेंट मारून घेतले तर चालेल का?

नाही. सळी गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट वाढते आणि तो आतून काँक्रीटला फोडतो. वरून सिमेंट थापले तर गंज आत तसाच वाढत राहतो आणि एखाद-दोन पावसाळ्यांत तो थापलेला थर सळ्यांसकट सुटतो.

भिंतीतून बाहेर आलेल्या, पुढे आधार नसलेल्या बाल्कनीत आणखी एक धोका असतो. घरातल्या खोलीच्या स्लॅबचे मुख्य लोखंड मधल्या भागात खालच्या बाजूला असते, तर अशा बाल्कनीचे मुख्य लोखंड वरच्या बाजूला, नेमके फरशीखाली असते. म्हणजे झिरपणारे पाणी पहिल्यांदा त्याच लोखंडाला भिडते. खालून दिसणाऱ्या सळ्यांपेक्षा न दिसणाऱ्या सळ्या अधिक खराब असू शकतात. म्हणून अशी बाल्कनी वापरणे थांबवावे, कुंड्या व जड सामान काढावे, अभियंत्याच्या सल्ल्याने खालून टेकू द्यावेत आणि खाली माणसे ये-जा करत असतील तर ती जागा अडवावी. मजुराला ब्रेकर देऊन वरचा कोबा (फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटचा थर) फोडायला लावण्यापूर्वीही अभियंत्याची लेखी पद्धत हातात असली पाहिजे.

ही संरचनात्मक दुरुस्ती असल्याने ती संस्थेने करायची असते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. तुमच्या संस्थेने शेवटचे परीक्षण कधी केले आणि त्यात बाल्कन्यांविषयी काय लिहिले आहे, हे सभासद म्हणून लेखी विचारावे.

६. ड्राय बाल्कनीतून गळती होते. तिला नियम वेगळा आहे का?

नियम तोच आहे, पण उत्तर बहुतेक वेळा उलटे येते. स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत मोरी, वॉशिंग मशीन आणि भांडी घासण्याचे सिंक असते, म्हणजे नावापुरतीच ती कोरडी! तेथील पाणी रोजच्या वापराचे असते. मशीनचा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीतील पाणी जाण्याच्या तोंडात) नुसता सोडून दिलेला, जाळीत कचरा अडकलेला आणि ट्रॅपभोवतीचा सांधा उघडा, हे चित्र घरोघरी दिसते. अशी गळती अंतर्गत समजली जाते आणि खर्च त्या सभासदाचा असतो. उभी सांडपाण्याची सामाईक लाइन गळत असेल तर मात्र ती संस्थेने दुरुस्त करायची. ट्रॅपपासून उभ्या लाइनपर्यंतच्या आडव्या तुकड्याबाबत वाद झाल्यास तो तुकडा एकाच सदनिकेच्या उपयोगाचा आहे का, हे पाहावे. तसे असेल तर तो सभासदाकडे धरणे योग्य.

७. आम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे. आता समिती म्हणते, गळतीची जबाबदारी पूर्ण तुमची. बरोबर आहे का?

पूर्ण नाही, पण बरीचशी. सरकत्या खिडकीच्या पट्टीतून, तिच्या व भिंतीच्या फटीतून किंवा ग्रिलच्या छपरामुळे भिंतीवर उडणारे पाणी आत येत असेल, तर ते तुम्ही केलेल्या फेरबदलामुळे येत आहे. मूळ स्लॅबचे लोखंड गंजले असेल, तर ती दुरुस्ती संस्थेकडेच राहते. मात्र त्या कामासाठी तुमचे फॉल्स सीलिंग, लाकडी फ्लोअरिंग किंवा फर्निचर काढावे लागले, तर ते काढण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च संस्थेकडे मागणे कठीण आहे.

बाल्कनी बंदिस्त करण्यासाठी समितीची लेखी परवानगी आणि स्थानिक नियोजन प्राधिकरणाची मंजुरी अशा दोन्ही लागतात. ‘सगळ्यांनीच केले आहे’ हे परवानगी नसल्याचे उत्तर होत नाही. तशीच समितीने वर्षानुवर्षे पाहूनही काहीच न करता, गळती झाल्यावरच नियम काढणे हेही योग्य नाही.

८. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली तर गळती थांबते का?

थांबल्यासारखी वाटते. फरशीच्या सांध्यांतून जाणारे पाणी काही काळ अडते, पण खालचा निकामी थर तसाच राहतो, उतार बिघडतो आणि वजन वाढते. चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजनच दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असते. त्यावर दर दहा-पंधरा वर्षांनी एकेक थर चढवलेल्या बाल्कन्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. समितीला न कळवता असे काम केले आणि नंतर गळती झाली, तर जबाबदारी तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढते.

९. वरच्या मजल्यावरचे काका पाहणीसाठी आत येऊच देत नाहीत. दुसऱ्या एका फ्लॅटचे मालक अमेरिकेत असतात आणि घर बंद आहे. काय करावे?

सचिवांनी पूर्वसूचना दिल्यावर समितीच्या सदस्यांना वास्तुविशारदासह सदनिकेची पाहणी करू देणे हे सभासदाचे कर्तव्य आहे. पाहणीनंतर संस्थेने करायची कामे आणि सभासदाने करायची कामे वेगवेगळी दाखवणारा अहवाल तयार होतो. सभासदाने आपल्या वाट्याचे काम नोटीस देऊनही केले नाही, तर ते करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा मार्ग संस्थेला उपविधींमध्ये दिलेला आहे. म्हणून खालच्या सभासदाने वरच्याच्या दारात उभे राहून भांडू नये. सचिवांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

मालक परदेशात असल्यास संस्थेच्या दप्तरातील पत्त्यावर आणि ईमेलवर नोटीस पाठवावी व किल्ली असलेल्या नातेवाइकाला पाहणीस हजर ठेवावे. कुलूप तोडणे हा समितीचा अधिकार नाही. परस्पर पाणी किंवा वीज तोडणेही नाही. सभासद अखेरपर्यंत अडून बसला, तर सहकार न्यायालयाकडून तातडीचा आदेश मागता येतो.

१०. दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागली, तर नवी फरशी कोणी घालून द्यायची?

काम संस्थेच्या जबाबदारीचे असेल, तर जागा पूर्ववत करून देणे हा त्या कामाचाच भाग आहे. मात्र पूर्ववत म्हणजे साध्या, मूळ दर्जाच्या फरशीइतके. सभासदाने इटालियन मार्बल घातला असेल, तर फरक त्याने सोसावा. याविषयी उपविधी तपशिलात जात नाहीत, त्यामुळे काम सुरू होण्याआधीच सर्वसाधारण सभेत दर चौरस फुटाचा दर ठरवून घ्यावा. कामे अडतात ती बहुतेक याच मुद्द्यावर.

११. संस्थेने हा खर्च कशातून करायचा? सर्वांनी सारखी वर्गणी द्यायची की क्षेत्रफळानुसार?

नेहमीच्या दुरुस्त्यांसाठी दुरुस्ती व देखभाल निधी असतो. त्याची वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवते, पण ती प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यापेक्षा कमी नसावी. सिंकिंग फंडासाठी हेच प्रमाण किमान ०.२५ टक्का आहे. दोन्ही आकारण्या बांधकाम खर्चाशी जोडलेल्या असल्यामुळे मोठ्या सदनिकेला जास्त रक्कम येते, तर सेवाशुल्क सर्वांना सारखे असते. सिंकिंग फंड मोठ्या, संरचनात्मक दुरुस्तीसाठी वापरता येतो. त्यासाठी वास्तुविशारदाचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. निधी अपुरा पडल्यास जादा वर्गणीचा आधारही सभेनेच ठरवायचा असतो. ‘माझी बाल्कनी गळत नाही, मी का देऊ?’ हा आक्षेप टिकत नाही, कारण तळमजल्यावरचा सभासदही गच्चीच्या दुरुस्तीला पैसे देतोच.

१२. समिती वर्षभर दाद देत नाही. मी स्वतः काम करून ते पैसे मेंटेनन्समधून वळते केले तर?

असे करू नये. मेंटेनन्स थांबवल्यास तुम्ही थकबाकीदार ठरता आणि संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागण्याची संधी मिळते. तेथे तुमची गळती हा बचाव सहसा चालत नाही. त्याऐवजी लेखी तक्रार, अभियंत्याचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज देऊन समितीला ठरावीक मुदत द्यावी. ‘मुदतीत काम न झाल्यास मी ते करून घेईन व खर्चाची मागणी करीन’ असे त्याच पत्रात नमूद करावे. त्यानंतर केलेल्या खर्चाची भरपाई मागण्यास निदान आधार राहतो.

समिती कर्तव्य पार पाडत नसेल तर तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी. पैशांचा किंवा जबाबदारीचा वाद असेल तर तो याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. या दोन कार्यालयांची गल्लत झाल्यामुळे अनेकांची वर्षे फुकट जातात. बाल्कनी धोकादायक झाली असेल, तर याखेरीज महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयालाही लगेच कळवावे.

१३. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. हेच नियम लागू होतात का?

थेट होत नाहीत. पुण्यात अशा इमारती खूप आहेत. त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू होतो आणि कोणता भाग सामाईक, कोणता मर्यादित सामाईक व कोणता अपार्टमेंटधारकाचा, हे नोंदणीकृत घोषणापत्रात लिहिलेले असते. ते प्रत्येक इमारतीचे वेगळे असते, म्हणून शेजारच्या इमारतीचा दाखला देऊन उपयोग नाही. घोषणापत्रात बाल्कनी मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून दाखवली असेल, तर तिचा खर्च कोणी करायचा हेही त्यासोबतच्या उपविधींत पाहावे. गळतीचा उगम शोधण्याची पद्धत (प्रश्न ४) मात्र सगळीकडे तीच.

१४. इमारत नवी आहे आणि दुसऱ्याच पावसात बाल्कनी गळू लागली. बिल्डर म्हणतो, सोसायटी झाली, आता तुमचे तुम्ही बघा.

सोसायटी स्थापन झाली म्हणून बिल्डरची जबाबदारी संपत नाही. रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते आणि तक्रार महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, करता येते. येथे एक खबरदारी घ्यावी. मुदत चालू असताना स्वतःच फरशी उखडून दुसऱ्याकडून वॉटरप्रूफिंग करून घेतले, तर ‘दोष तुमच्या माणसाने निर्माण केला’ असे म्हणायला बिल्डरला आयतेच निमित्त मिळते. आधी छायाचित्रे, अहवाल आणि पोच असलेले पत्र, काम त्यानंतर.

१५. आम्ही भाड्याने राहतो. गळतीसाठी कोणाकडे जायचे?

तुमचा व्यवहार घरमालकाशी आहे, संस्थेकडे त्याने जायचे. तुम्ही खरोखरच भाडेकरू असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर ती करून घेऊन खर्च भाड्यातून वजा करता येतो, मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. सध्या सर्रास होणारा ११ महिन्यांचा करार हा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीचा, असतो. तो करणाऱ्याला ही तरतूद लागू होईल असे गृहीत धरू नये, करारातील दुरुस्तीचे कलम वाचावे.

१६. आमच्या वर टेरेस फ्लॅट आहे. त्यांच्या खासगी टेरेसमधून आमच्या बेडरूममध्ये पाणी येते. ही बाल्कनी धरायची की गच्ची?

नाव काहीही दिले तरी तो तुमच्या खोलीचा छताचा स्लॅब आहे, त्यामुळे संरचनात्मक दुरुस्ती आणि पावसाची गळती ही संस्थेची बाब ठरते. अवघड भाग असा की टेरेसधारकाने तेथे बहुधा माती टाकून बाग केलेली असते, नळ घेतलेला असतो किंवा पत्र्याची शेड उभारलेली असते. त्यांपैकी कशामुळे थर बिघडला हे अहवालात सिद्ध झाले, तर तेवढा खर्च त्याच्यावर पडतो आणि बाग हलवण्याचा खर्च तर त्याचाच. काही विक्री करारांत खासगी टेरेसची देखभाल घेणाऱ्याने करावी असे कलम असते, तेही तपासावे.

१७. गळतीमुळे आमचे पीओपी, रंग आणि कपाट खराब झाले. ते कोण भरून देणार?

सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीतून झिरपलेल्या पावसाने खराब झालेले छत व त्याचे प्लास्टर दुरुस्त करून देणे संस्थेच्या यादीत आहे. बाकीच्या मजल्यांवर ज्याच्या चुकीने गळती झाली त्याच्याकडे मागणी करावी लागते. कपाट, गादी यांसाठी संस्थेच्या निधीतून रक्कम मिळणे दुर्मीळ. घरविम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचे नुकसान वगळलेले असते.

१८. जुलैमध्येच वॉटरप्रूफिंग करून घ्यावे की थांबावे?

बाल्कनीचे मूळ काम कोरड्या स्लॅबवर, म्हणजे दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत करावे. ओल्या पृष्ठभागावर लावलेले बहुतेक लेप सुटतात. पावसात करता येण्यासारखी कामे म्हणजे तुंबलेली जाळी साफ करणे, पावसाळी पाइप मोकळा करणे, उघड्या फटी तात्पुरत्या बुजवणे आणि वरून प्लास्टिकचा आडोसा करणे. तक्रार आणि छायाचित्रे मात्र पावसातच नोंदवावीत, कारण जानेवारीतल्या सभेत कोरडे छत पाहून कोणालाच काही पटत नाही.

१९. संस्थेने मोठा खर्च करून दुरुस्ती केली, तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळाले. आता?

आधी कंत्राट काढून पाहावे. तोंडी दिलेल्या ‘दहा वर्षांच्या गॅरंटी’ला अर्थ नाही. लेखी हमीत कोणती बाल्कनी, कोणता थर आणि किती वर्षे हे लिहिलेले असावे आणि बिलाचा काही भाग पुढचा एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवलेला असावा. तो राखून ठेवला असेल, तर कंत्राटदार एका फोनवर येतो. त्यानंतर प्रश्न ४ मधील चाचणी पुन्हा घ्यावी, कारण फरशीखालचा थर आता पक्का असून पाणी रेलिंगच्या बुडातून किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून येत असल्याचे पुष्कळदा आढळते. तसे असेल तर ते मूळ कंत्राटात नसलेले वेगळे काम आहे. त्याचा खर्च कोणी करायचा, हे प्रश्न २ मधील वाटणीनुसार नव्याने ठरवावे.